मोहरखाणीची ओ

दचकलात का पाव्हणं? दचकू नका. तुम्ही तुमच्या ड्रायव्हरला हाक मारलीत आणि आमच्या गल्लीतल्या चार घरांनी ओ दिली. चेष्टा नव्हती ती. मोहरखाणीत रीतच तशी आहे. हाक कुणाचीही असो, कुणालाही असो, ज्याच्या कानावर पडली त्यानं ओ द्यायची. ती भाजी निवडणारी म्हातारी बघा, निम्मी बहिरी आहे, तरी तिनंही दिली. बसा या ओट्यावर. परवा एक साहेब विचारत होते, तुमचं हे शहर लहान, मध्यम की मोठं? मला रागच आला. म्हटलं, अहो, तो निवाडा आमच्याकडे एकदा झालाय, पुन्हा नका काढू.

फार मागची गोष्ट. तेव्हा हे खेडं होतं. दर सुगीला लुटारू यायचे. धान्य न्यायचे ते न्यायचे, वर पोरीबाळी घोड्यावर टाकून न्यायचे. गावाला कोट हवा होता. पण राजा कोट बांधून देई तो फक्त शहराला. कसब्याला नुसती चौकी, आणि खेड्यानं आपलं कुंपण घालून देवाचं नाव घ्यावं.

आता शहर कशाला म्हणायचं? ते ठरवायला राजाचा कारभारी गावोगाव फिरत असे. तो घरं मोजत नसे, माणसं मोजत नसे, असं सांगतात. गावाबाहेर उभा राहून तो आपल्या माणसाला हाक मारायला लावी. शेवटच्या घरातून ओ आली तर ते खेडं. अर्ध्या गावातूनच आली तर कसबा. आणि कितीही ओरडलं तरी कुणीच ओ दिली नाही, तर ते शहर. शहरात कोण कुणाच्या हाकेला धावतंय, असं त्याचं म्हणणं.

ही गोष्ट आमच्या रायाजी पाटलाला कळली. माणूस वाईट नव्हता हो. मागच्या सुगीला त्याची पुतणी गेली होती लुटारूंच्या हाती. त्यानं दवंडी पिटली: उद्या कारभारी येतोय, दिवस मावळेपर्यंत कुणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. दारं लावून गप बसायचं. ओळखीचा आवाज आला तरी बाहेर पडायचं नाही, कारभारी लबाड आहे, नकला करणारी माणसं सोबत घेऊन फिरतो.

दुसऱ्या दिवशी कारभारी आला आणि पलीकडच्या टेकडीवरून हाका घालायला लागला. गाव गप. चूल नाही, पाखडणं नाही. कुत्रीसुद्धा घरात घेतली होती म्हणे.

दुपार कलली तशी कुंभारवाड्याकडून हाक आली. साळू कुंभारणीची. तिचा नवरा मडकी घेऊन दूरच्या बाजाराला गेला होता. घरात ती आणि तिची पाच वर्षांची मैना. दिवसभर कोंडून ठेवलेलं पोर, आईचा डोळा लागला तसं बाहेर पडलं आणि कुंभारांच्या मातीच्या खाणीत उतरलं. खाणीत पावसाचं पाणी साचलेलं, खाली चिकण गाळ. पोर रुतत चाललेलं. साळू काठावर पालथी पडली, पोरीचा हात धरला, पण एकटीला ओढवेना. आणखी एक माणूस असतं ना, तर निघाली असती पोर. एकच माणूस हवं होतं.

साळूनं आधी नुसतं "धावा" म्हटलं. कुणी येईना, तेव्हा ती एकेकाला नावानं हाक मारू लागली. "गोदे, धाव गं! तान्हाई! अगं वच्छे, तुझ्या मांडीवर खेळलीय माझी मैना! रायाजीमामा, ओ!" एकही घर तिनं सोडलं नाही. प्रत्येकानं आपापलं नाव ऐकलं. आणि प्रत्येकाला वाटलं, ही कारभाऱ्याची नक्कल. वाटलं, की वाटून घेतलं, देव जाणे. पाटलीणबाई उठली होती, पण पाटील दाराला पाठ लावून उभा राहिला. "नक्कल आहे ती," तो म्हणाला. पण म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं सांगतात.

मग नावं संपली. नंतर नुसतं "मैना, मैना" एवढंच ऐकू येत राहिलं. मग तेही थांबलं.

टेकडीवर कारभारी आपल्या माणसांना म्हणाला, "एक बाई इतका टाहो फोडते आणि एक दार उघडत नाही. हे मोठंच शहर आहे." त्यानं निवाडा झाल्याचा नगारा वाजवायला लावला. लोक दारं उघडून बाहेर आले तेव्हा साळू अखेर कशीबशी ओढून काढलेली, चिखलानं माखलेली, गार पडलेली पोर खांद्यावर घेऊन पेठेतून चालली होती. कुणी तिच्या वाटेत आलं नाही. कुठल्या तोंडानं समोर जाणार?

कोट झाला. लुटारू पुन्हा आले नाहीत, कितीतरी लेकरं वाचली. हे खरं आहे, खोटं कशाला बोलू?

पण साळूला निराळंच वेड लागलं. गावात कुणीही कुणाला हाक मारली की ती "ओ!" म्हणून उठायची आणि धावत यायची. "काय झालं? कुठं पडलं?" असं विचारायची. सासू सुनेला पाणी आणायला हाक मारी आणि ही धापा टाकत दारात उभी. उन्हात, पावसात, म्हातारपणी काठी टेकत. बघवेना हो कुणाला. मग बायांनी काय केलं, हाक ऐकली की साळूच्या आधी आपणच ओ द्यायला लागल्या. ओ आली, माणूस पोहोचलं, साळूबाई, तू बस, एवढंच तिला कळावं म्हणून. ती गेली, पण गावाच्या तोंडाला ओ बसली ती बसलीच.

आता शेवटचं सांगतो, मग तुम्ही निघा.

जिवंत होती तोवर साळू रोज दिवेलागणीला खाणीच्या काठावर जाऊन पोरीला जेवायला हाक मारायची. आजही मैनाच्या तिथीला गावातल्या बाया त्या काठावर जातात आणि सगळ्या मिळून हाक मारतात, "मैना, ये गं जेवायला." सगळं शहर उंबऱ्यात उभं राहून ती हाक ऐकतं. ओठावर ओ येते हो, सवयच ती. पण तोंड दाबून धरावं लागतं. पोरीला मारलेली हाक आहे ती. तिची ओ आम्ही कशी देणार?