देव जवला हाय

बसमधून उतरल्यापासून तुम्ही नाकाला रुमाल लावलाय, ते मी बघितलं. राहू द्या, लाजू नका. सुरूबंदरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी हेच करतो, आणि दुपारी जेवायला बसला की रुमाल कुठे ठेवला ते त्याचं त्यालाच आठवत नाही. हा वास जवळ्याचा. हे समोरचं खळं दिसतंय ना, वाळूवर शेणाने सारवलेलं, तिथे आमच्या बायका तो वाळत घालतात. करंगळीच्या नखाएवढा एकेक जीव. एकटा हातात घेतला तर दिसतही नाही, पण मूठभर कालवणात पडला की सगळ्या घराला कळतं.

आणि हा खळ्याच्या कडेचा क्रूस. बाकीच्या गावांत क्रुसाच्या पायाशी मेणबत्त्या असतात, झेंडूच्या माळा असतात. आमच्या क्रुसाच्या पायाशी ही दगडाची खोलगट कुंडी आहे, आणि पावसाळ्यात हिच्यात कायम सुका जवळा असतो. वरून माडाच्या झापांचं झाकण. कावळे टपलेले असतात, म्हणून. देवाला सुकी मासळी का वाहता, असं मागे एका पाहुण्याने विचारलं होतं. वाहत नाही हो. ती देवाची नाही, माणसांची आहे. ते समजायला नातालीणची गोष्ट ऐकावी लागते. मी ती माझ्या आजीकडून ऐकली, तिने तिच्या सासूकडून. त्यामुळे खरं किती आणि आजीने चवीला घातलेलं किती, ते मला विचारू नका.

फार वर्षांपूर्वी, गावात पक्की वाट नव्हती आणि आमचं देऊळही झापांचं होतं (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), तेव्हा इनास आणि बस्त्याव असे दोघे सख्खे भाऊ इथे राहत होते. इनास थोरला, नातालीण त्याची बायको. बस्त्याव धाकटा, बिनलग्नाचा, भावजयीच्या हातचं जेवणारा. दोघांच्या दोन लहान होड्या होत्या, पण समुद्रात जायचे ते बरोबरच. वारा फिरला तर ताटातूट नको म्हणून दोन्ही होड्या एका दोराने बांधायचे, असं सांगतात.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर वारा असा फिरला की बंदरावरच्या बायकांना होड्या दिसेनात. संध्याकाळी एकच परत आली. तिच्यात बस्त्याव होता, ओठ निळे पडलेले. नातालीण गुडघाभर पाण्यात धावत गेली. तिने होडीत वाकून दोराचं टोक उचललं. दोर आपोआप तुटला तर त्याचे धागे पिंजारतात, हे कोळ्याच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. हे टोक सरळ होतं, सुरीने कापलेलं.

ती काही रडली नाही, म्हणे. दोराचं ते टोक तिने सगळ्या गावासमोर वर धरलं आणि एवढंच म्हणाली, "आजपासून याच्या घरचा पानी मी पिनार नाय. न माजा जो कोन असल, तोही पिनार नाय."

इनास गावाचा लाडका होता. त्यामुळे अख्खा गावच तिचा झाला. बस्त्यावशी कोणी बोलेना, त्याला कोणी काही देईना, त्याच्याकडचं कोणी घेईना. त्यानेही दोराबद्दल एक अक्षर उच्चारलं नाही. समुद्रावर जायचं सोडलं. गावाच्या टोकाला, त्या सुरूच्या झाडांच्या पलीकडे त्याचं खोपट होतं. खाडीत खेकडे धरायचा आणि दिवस ढकलायचा.

नातालीणने आणखी एक घर सोडलं, ते देवाचं. बोलवायला आलेल्या बायांना ती म्हणायची, "तो लांब ऱ्हातो. माजा इनास बुडत व्हता तवा त्याला ऐकू नाय गेला. आता मी मोठ्यान बोलून काय व्हनार?" इनासचं शरीर मिळालं नव्हतं. त्यामुळे माती द्यायला जागा नाही, रडायला जागा नाही. एकच प्रश्न तिला रात्रंदिवस कुरतडायचा, की शेवटी तो एकटाच होता का. समुद्राला विचारून झालं होतं. देवाशी तर बोलणंच तुटलेलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग गावात पाद्री अंसेल आला. तो सातासमुद्रापलीकडचा, लालबुंद, उन्हाने सोललेला. पण माणूस जिद्दीचा. येताना एका पुस्तकातून मराठी शिकून आलेला, आणि उरलेली आमच्याकडून शिकायला बसलेला. आता आमच्या बोलीत ळ नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. शाळेत आम्हाला तो शिकवतात. घरी आलो की आम्ही त्याला चपलांसारखा ओट्यावर काढून ठेवतो. ड चाही आम्ही बऱ्याचदा र करतो, होडीची होरी. जवळ म्हणजे आमचं जवल, आणि जवळा म्हणजे जवला.

पाद्री जवल म्हणायला आमच्याकडून शिकला. पण त्याच्या पुस्तकात लिहिलेलं, की देव मोठा आहे, देव चांगला आहे, देव खरा आहे. त्याने मनाशी हिशेब जुळवला. मोठ, चांगल असं कोणी म्हणत नाही, मोठा, चांगला असंच म्हणतात. तर मग देवही नुसता जवल कसा असेल?

ऐन पावसाळ्यातला रविवार. देऊळ गळतंय, माणसं अंग चोरून बसलेली. आणि पाद्रीने दोन्ही हात पसरून पहिलाच उपदेश केला, "देव जवला हाय! तुम्ही समजता देव लांब हाय. नाय. देव जवला हाय. तुमच्या घरात जवला, तुमच्या चुलीपाशी जवला!"

पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. बायांनी पदर तोंडात कोंबले. पुरुषांना एकदम खोकला लागला. पाद्रीला वाटलं, उपदेश काळजाला भिडला. तो आणखी जोराने सांगत राहिला.

नातालीणच्या शेजारी रेजीन म्हणून एक बाई राहायची. पोटात गोष्ट न राहणारी. देवळातून ती तडक नातालीणच्या ओट्यावर आली आणि हसता हसता खालीच बसली. "ऐकलास काय? पाद्री बोल्ला, देव जवला हाय. चुलीपाशी जवला हाय. आता कालवनात कांदा घालू का मेनबत्ती लावू, तूच सांग."

नातालीणही हसली. बऱ्याच वर्षांत ती पहिल्यांदा हसत होती. रेजीन निघून गेली, आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिची नजर कोपऱ्यातल्या मडक्यावर गेली. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. होड्या उलट्या घालून ठेवलेल्या, ताजी मासळी नाही, बाजार नाही. त्या दिवसांत घरातल्या माणसाला तगवतो तो हा मडक्यातला जवळा. गरिबाकडेही असतो. कोणाला मोठा वाटत नाही, कोणाच्या लक्षात राहत नाही. समुद्र बंद झाला की तोच जवळ असतो.

आजी इथे नेहमी थांबायची. म्हणायची, बाकी सगळ्यांनी पाद्रीची चूक ऐकली, उपदेश ऐकला तो नातालीणने.

मग नातालीणच्या मनात दुसरा विचार आला. जवळा घरोघरी असतो खरा, पण कोणाच्या घरी नसतो? असं एकच घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. बस्त्याव समुद्रावर जात नव्हता, त्याला कोणी विकत देत नव्हतं, उसनं देत नव्हतं, तिच्याच शब्दाखातर. देव लांब राहतो म्हणून ती इतकी वर्षं रुसून बसली होती, आणि एका घरातून त्याला हाकलून लावणारी ती स्वतःच होती. तिला जेवण गेलं नाही.

दुपारच्या पावसात ती उठली. मडक्यातून मूठभर जवळा काढला, पदराला बांधला आणि सुरूंच्या पलीकडे गेली. आपापल्या दारांतून लोक बघत होते. तिच्या हातात कोयता आहे की काय, असं एक-दोघांना वाटलंही.

बस्त्यावने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. तिने मूठ पुढे केली. तो हात पुढे करीना.

"नको वैनी," तो म्हणाला. "तुजी सपथ हाय. गाव तुला काय बोलल?"

"सपथ माजी हाय. बांदली मी, सोरीन पन मीच. पानी दे."

त्याने ओंजळीत जवळा घेतला आणि आत गेला. त्याच्या घरात पाहुण्याचा तांब्या नव्हता, असणार कुठून? करवंटीत पाणी घेऊन आला. ती उंबऱ्यावर बसून सगळं प्यायली. ते पाहून तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. रडता रडता त्याने सांगितलं, "दोर मीच कापला, वैनी. त्याची होरी भरत व्हती, मना खाली खेचत व्हती. मी भिलो. त्यान सांगितला नाय. मीच कापला."

नातालीणला हे ठाऊकच होतं. इथे गोष्ट गोड करून सांगणारेही आहेत. म्हणतात, थोरल्या भावानेच दोर काप म्हणून सांगितलं होतं. माझ्या आजीला ते पटायचं नाही. ती म्हणायची, अपराध नव्हताच तर नातालीणने माफ काय केलं?

मग नातालीणने तो प्रश्न विचारला, जो तिने इतकी वर्षं समुद्राला विचारला होता. "तू सेवटचा बघितलास त्याला. तो एकलाच व्हता रे?"

बस्त्यावने डोळे पुसले. "तेच मना समजला नाय, वैनी. दोर सुटला, न मी बघत व्हतो. तो वरडला नाय. फलीवर बसला व्हता. मग जरा सरकला, बाजूला जागा केली. न बोल्ला, 'जवल बस.' मना वाटला, मनाच बोलावतो. पन माज्याकरे तो बघतच नव्हता. बाजूच्या रिकाम्या जागंकरे बघत व्हता. न त्याचा तोंड... घरी कोन आवरता मानूस आला का करतो, तसा तोंड व्हता."

पाऊस पडत होता, आणि नातालीण उंबऱ्यावर बसून होती. जे एक वाक्य ऐकायला तिचा जीव तळमळत होता, ते एवढी वर्षं तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. ज्याच्यापाशी ते होतं, त्याचंच तोंड तिने बंद केलं होतं.

मग ती उंबऱ्यावर थोडी सरकली. बाजूची जागा पदराने पुसली आणि म्हणाली, "बस्त्याव, जवल बस."

पुढच्या रविवारी दोघं देवळात एका बाकावर बसले. गाव बघतच राहिला. एव्हाना कोणीतरी पाद्रीला त्याची चूक सांगितली होती. बिचारा कानापर्यंत लाल झाला होता. उपदेशाला उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, गेल्या खेपेला मी चुकलो, तुम्ही क्षमा करा. तेव्हा इतकी वर्षं देवळाची पायरी न चढलेली नातालीण बाकावरून उठली. "बाबा, तू बरोबर बोल्लास," ती म्हणाली. "आता बदलू नको."

त्या दिवशी कोणी हसलं नाही, असं सांगतात. उपासना संपल्यावर नातालीणने पदरात बांधून आणलेला मूठभर जवळा इथे क्रुसाच्या पायाशी ठेवला. दगडाची कुंडी पुढे बस्त्यावने घडवली. कारागिरी म्हणाल तर ओबडधोबडच आहे, पण आम्ही ती बदललेली नाही.

आमचे आताचे फादर जालन्याकडचे. त्यांचा ळ असा ठणठणीत की देवळाच्या कौलांना ऐकू जावा. पण पावसाळ्यातल्या त्या एका रविवारी तेही हात पसरून म्हणतात, "देव जवला हाय." आणि आम्ही सगळे म्हणतो, "हाय." मग ज्याचं ज्याच्याशी बोलणं तुटलंय, तो या कुंडीतली मूठ घेतो आणि त्या घरी जातो. काही बोलायचं नसतं. माफीसुद्धा मागायची नसते, कारण ते शब्द फार जड, ऐनवेळी घशात अडकतात. मूठ पुढे करायची आणि पाणी मागायचं, बस. दारात आलेली मूठ परतवणारं घर सुरूबंदरात अजून झालेलं नाही. तशी तोंडं वाकडी करणारे आहेत, नाही असं नाही. एकाने तर पाणी आणायला मुद्दाम अर्धा तास लावला होता. पण आणलं.

तुम्हीही न्या थोडा. कागदात घट्ट बांधून देतो, तरी बसमध्ये वास येणारच, त्याला इलाज नाही. घरी गेल्यावर कोणाकडे न्यायचा, ते मी विचारत नाही. प्रत्येकाचं एक तरी दार असतं.

आजही पावसाळ्यात या वाटेने गेलात तर कुठल्या तरी उंबऱ्यावर दोन माणसं अवघडून बसलेली दिसतील. पाणी पिऊन झालेलं असतं. मग घरचा माणूस जरासा सरकतो, बाजूची जागा हाताने पुसतो आणि म्हणतो, "जवल बस."