सुगंधी पखालींची भलावण

पूर्वी कुमुदवती नगरात राजा सुधर्म राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने भलावण करणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुघोष. नगराच्या पश्चिम वेशीबाहेर वाळवंट सुरू होई, आणि तिथेच एका पिंपळाखाली सुघोष बसे. वाळवंट ओलांडायला निघालेले तांडे त्याला विचारत, "पाण्याच्या पखाली कोणाकडच्या घ्याव्यात? सातू कोणाचे चांगले?" तो एखाद्या दुकानाचे नाव सांगे. विक्री झाली की दुकानदार त्याला त्यातला वाटा देई. त्याचे घर त्यावर चाले.

त्याचा आवाज मोठा गोड होता. माणसे पुढे निघून गेली तरी तो आवाज त्यांच्या कानांत वाऱ्यासारखा रेंगाळत राही. पण जी वस्तू आपण वापरली नाही तिचे नाव सुघोष कधी घेत नसे.

एकदा वर्धन नावाचा श्रेष्ठी त्याच्याकडे आला. त्याच्या सेवकांनी नव्या पखाली आणल्या होत्या. कातडे मऊ, वजनाने हलके, आणि आतून सुगंधी राळेचा लेप. झाकण काढताच पिंपळाखाली जणू केवड्याचे बन फुलले.

"सुघोषा, यांची भलावण कर," वर्धन म्हणाला. "इतर देतात त्याच्या दुप्पट वाटा देईन."

"आधी वापरून पाहतो, श्रेष्ठी."

"पाहायचे काय त्यात? वास घे की!"

सुघोष हसला. दुसऱ्या दिवशी त्याने बैलाच्या एका अंगाला नवी पखाल बांधली, दुसऱ्या अंगाला आपली जुनी, आणि तो वाळवंटात शिरला.

दुपार झाली तशी वाळू आणि आभाळ एकमेकांत विरघळून गेले. सुघोष एका शमीच्या विरळ सावलीत टेकला आणि नव्या पखालीतले पाणी प्याला. पाणी सुगंधी होते, पण उन्हाने राळ विरघळून त्यात उतरली होती. थोड्याच वेळात त्याचा घसा जळू लागला आणि डोळ्यांपुढचे वाळवंट डोलू लागले. दूर एक तळे चमकले. त्या तळ्यावरून माणसे चालत येत होती. पावले भिजत नव्हती, सावल्या पडत नव्हत्या. आजवर त्याने ज्यांना सल्ला दिला ती सारी माणसे होती ती. प्रत्येकाच्या ओठांशी पखाल होती. कोणी तक्रार करीत नव्हते. ती फक्त त्याच्याकडे विश्वासाने पाहत होती, आणि पाहता पाहता एकेक जण विझत होता.

सुघोष दचकून उठला. जुन्या पखालीतले पाणी पिऊन त्याने वांती केली, आणि बैलाच्या आधाराने कसाबसा घरी परतला.

"श्रेष्ठी, तुझ्या पखालीतले पाणी उन्हात विषारी बनते," त्याने वर्धनाला सांगितले. "मी नाव घेणार नाही."

वर्धन कधी वाळवंटात गेला नव्हता. त्याला ते खरेच वाटेना. रागावून तो म्हणाला, "तू नाही घेतलेस तर दुसरा घेईल." त्याने सगळ्या दुकानदारांना सांगून सुघोषाचा वाटा बंद करवला. पिंपळाखाली दुसरा भलावण करणारा बसू लागला.

पुढे उत्पला नावाची विधवा आपल्या नवऱ्याचा तांडा घेऊन त्या वेशीतून निघाली. तांड्याबरोबर केवड्याचा वास येत होता. सुघोष धावत आडवा गेला.

"आर्ये, या पखाली बदला. उन्हात पाणी बाधेल."

उत्पला शांतपणे म्हणाली, "तुझा वाटा बुडाला म्हणून तू असे बोलशील, हे त्या पिंपळाखालच्या माणसाने आम्हाला आधीच सांगितले आहे." आणि तांडा धुळीत दिसेनासा झाला.

सुघोष घरी येऊन खाली मान घालून बसला. "माझ्या शब्दाला आता किंमत नाही," तो म्हणाला.

त्याची बायको इला म्हणाली, "अहो, शब्द पटला नाही म्हणून त्यांची तहान का कमी होणार आहे?" तिने हातांतली काकणे उतरवली आणि चर्मकाराकडून साध्या पखाली आणल्या. दोघांनी त्या पाण्याने भरल्या, बैलांवर लादल्या, आणि सुघोष तांड्याच्या मागावर गेला.

तांडा त्याला ऐन वाळवंटात सापडला. माणसे वाळूवर पडली होती, काही जण नसलेल्या तळ्याकडे रांगत चालले होते. सुघोषाने एकेकाचे डोके मांडीवर घेऊन पाणी पाजले. सगळे वाचले.

उत्पलेला धड बोलता येत नव्हते. "आम्ही तुझे ऐकले नाही. तरी का आलास?"

"आर्ये, तहानलेल्याने आधी माझे ऐकावे, अशी अट मी कशी घालू?"

तांडा त्याच्याबरोबर कुमुदवतीला परतला. त्या माणसांचे फाटलेले ओठ पाहून वर्धनाने आपलीच पखाल दिवसभर उन्हात टांगली, आणि तिच्यातला एक घोट घेतला. मग स्वतःच्या हातांनी कोठारातल्या साऱ्या पखाली चिरून टाकल्या. दुकानदारांनी सुघोषाला सन्मानाने पिंपळाखाली परत नेले.

पुढे साध्या कातड्याच्या पखाली घेऊन वर्धन त्याच्याकडे आला. "आता तरी माझे नाव घेशील का?" त्याने हळूच विचारले.

"एक उन्हाळा वापरून पाहू दे," सुघोष म्हणाला, आणि दोघेही हसले.

ही कथा विहारात सांगून शास्ते भगवान बुद्ध भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा वर्धन म्हणजे आज आजाऱ्यांना औषध देण्याआधी स्वतः चाखून पाहणारा आपला हा वृद्ध भिक्षू. उत्पला म्हणजे पलीकडे बसलेली ही थेरी, आपली ज्येष्ठ भिक्षुणी. इला ही पुढे माझ्या मुलाची, राहुलाची माता झाली. आणि सुघोष मीच होतो. करुणेतून बोललेले सत्य कोणी ऐको वा न ऐको, ते पाणी घेऊन मागून जातेच. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."