रांजणावरचं झाकण

सांगा बरं मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा? तराजूवर म्हणाल, तर त्याची दांडीही कधीमधी कलते. स्वतःच्या हातांवर म्हणाल, तर आधी या निळारणीची गोष्ट ऐका.

फार जुनी गोष्ट, नदीला घाटही बांधले नव्हते तेव्हाची. एका गावात निळीने कापड रंगवणारं एक घर होतं. देवीच्या जत्रेला तिचं निळं लुगडं रंगवायचा मान त्या घराचा. आणि देवीचं लुगडं जो रंगवी, त्याच्याच दारी पंचक्रोशीचं कापड येई. मान तोच आणि भाकरीही तीच.

त्या घरची रीत अशी, की रांजणाशी पुरुषांनी राबायचं आणि नदीवर बायकांनी. घरची सून अनसा रंगलेलं कापड नदीवर धुवायची, इतकंच. पण त्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला. सासरा होता, पण दोन्ही डोळ्यांनी आंधळा.

पाटील दारात येऊन म्हणाले, “अनसाबाई, जत्रेच्या पुनवेपर्यंत लुगडं झालं तर ठीक. नाहीतर मान खालच्या आळीच्या रंगाऱ्याकडे जाईल. माझाही नाइलाज आहे.”

अनसाने पदर खोचला. सासरा सांगत गेला आणि ती करत गेली. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणात तिने निळीच्या वड्या, चुन्याची निवळी, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घातलं. “आता झाकण लाव,” सासरा म्हणाला. “दिवसातून एकदा ढवळायचं, तेही हलक्या हाताने. चार दिवसांत रंग जागा होतो.”

पण काळजीला कुठे चार दिवस दम निघतो? अनसा घडीघडीला झाकण उघडी आणि खसाखसा ढवळी. मूठभर गूळ टाकी, ओंजळभर चुना टाकी. देवीला नवस बोले आणि पुन्हा झाकण उघडी. पाचव्या दिवशी रांजणातून कुजका वास आला. पाणी राखेसारखं झालं होतं.

सासऱ्याने नुसतं नाक पुढे केलं. “मेला रांजण. सूनबाई, किती वेळा उघडलास?”

“मोजलं नाही, मामंजी.”

“म्हणजे पुष्कळदा. अगं, तान्ह्या पोराला निजलंय का म्हणून सारखं हलवून बघितलं, तर ते निजेल कसं?”

पुनवेला सहा दिवस उरले होते आणि वड्या एका रांजणापुरत्या. तिने रांजण घासला आणि पुन्हा भरला. झाकण लावलं, तोच म्हातारा काठी टेकत आला, घोंगडी पसरली आणि थेट झाकणावरच बसला.

“हे काय, मामंजी?”

“आता उघडायचा तर आधी मला उचलावं लागेल. आणि मी काही हलका नाही.”

अनसाला हसू आलं नि रडूही. “देवावर सोडून बसले आणि नाही जमलं, तर खायचं काय?”

“बसायला कोण सांगतंय? गोठ्याचा कूड मोडलाय तो बांध, शेळीला पाला आण. तुझं काम तू चोख केलंस. आता लुगडं देवीचं, नेसणार ती, आणि काळजीने वाळतेस तू!”

अनसाने कूड बांधला. पहिल्या दिवशी तिची नजर सारखी झाकणाकडे जाई. दुसऱ्या दिवशी कमी गेली. तिसऱ्या दिवशी शेळीशी बोलता बोलता ती चक्क गुणगुणली. म्हातारा दिवसातून एकदाच उठे, तिच्याकडून अलगद ढवळून घेई आणि पुन्हा बसे.

पाचव्या दिवशी रांजणावर तांब्यासारखी चमकती साय आली. पाटील आले, गाव जमलं, खालच्या आळीचा रंगारीही मिशा पिळत आला. अनसाने लुगडं बुडवलं, धीराने थांबली आणि बाहेर काढलं.

लुगडं हिरवंपिवळं!

“वा! देवीला शेवाळ नेसवणार वाटतं,” रंगारी म्हणाला. लोक हसले.

नदीवर तिच्या हाती नेहमी निळंच कापड आलेलं. असं हिरवं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिचे हात आपसूक पुन्हा रांजणाकडे वळले आणि पाणी डुचमळलं.

“सूनबाई,” म्हातारा हळूच म्हणाला, “हात काढ. पुढचं काम वाऱ्याचं.”

अडवायला आता झाकणावर कुणी बसलेलं नव्हतं. अनसाने एक श्वास घेतला, लुगडं दोरीवर पसरलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. नदीवरून वारा आला. आधी काठ निळे झाले, मग पदर आणि मग सगळं लुगडं सांजेच्या आभाळासारखं गर्द झालं. हसणारे पुढे सरकून बघू लागले. पाटलांनी पागोटं सावरून देवीला हात जोडले.

मान घरातच राहिला. पुढे अनसाकडे कुणी रंगकाम शिकायला आलं, की ती आधी ढवळणं शिकवी आणि मग झाकणावर बसणं.

हात चालवायचे तिथे चोख चालवावेत, काढायचे तिथे काढून घ्यावेत. उरलेलं काम देवाचं, आणि तो ते विसरत नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. आपल्या आयुष्याचा हिशेब मांडाल, तेव्हा तो खरा मांडा. ढवळणं आपल्या नावावर लिहा, पण वारा मात्र ज्याचा आहे त्याच्याच नावावर लिहा.