ठकूचं खमीर

फार जुन्या काळी, दरीकाठच्या एका गावात, एका सकाळी ठकूने मडक्यावरचं फडकं उचललं आणि ती एकदम मागे सरकली. पिठावर एकही बुडबुडा नव्हता.

गोष्ट एवढीशी. पण ठकू एवढ्याशा गोष्टींनीच घाबरायची. दार वाजलं तरी दचकायची. तिने वास घेतला, तर उग्र आंबूस भपका नाकात गेला. तिने घाईघाईने फडकं परत टाकलं, जणू न पाहिल्याने ते नीट होणार होतं.

मडक्यात होतं खमीर, म्हणजे आंबवून जिवंत ठेवलेलं पीठ. त्यातलं थोडं कणकेत मिसळलं की रोट भट्टीत टम्म फुगायचा. ठकू, येसू आणि सावी या तीन मैत्रिणी लहानपणी एका म्हाताऱ्या कुंभारणीकडे हे शिकल्या. लग्नं होऊन तिघी तीन गावांना निघाल्या, तेव्हा म्हातारीने एकाच मडक्यातलं खमीर तिघींना वाटून दिलं.

ती म्हणाली, "दर आठवड्याला यातलं अर्धं कुणाला तरी देत जा, आणि उरलेल्यात नवं पीठ घाला. वर्षातून एकदा माझ्या भट्टीवर भेटा. आपापला रोट आणा आणि एकमेकींचा तोडून खा."

तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. त्या दिवशी ठकू पोट दुखेपर्यंत हसायची. तेवढं ती एरवी वर्षभरात मिळूनही हसत नसे.

आता भेटीला चारच दिवस उरले होते.

ठकूने मडक्यात गूळ घालून पाहिला, मडकं चुलीच्या उबेला ठेवून पाहिलं. रोट निघाला तो बसका, दगडासारखा. तिने तो गुपचूप परसात कोंबड्यांना टाकला.

"काय गं, आज रोटाचा वास नाही आला?" शेजारच्या राहीकाकूने कुंपणावरून विचारलं.

"पीठ संपलंय, काकू."

"कालच तर दळून आणलंस. आणि तो रोटही पाहिला हो मी. कोंबड्याने एकदा चोच मारली नि रागावून निघून गेला."

हसावं की रडावं, ठकूला कळेना. शेवटी तिने खरं ते सांगितलं आणि विचारलं, "काकू, तुमच्याकडे आहे का थोडं खमीर?"

"माझ्याकडे कुठून असणार? दोनदा वाटी घेऊन आले होते तुझ्या दारात. 'पुढच्या आठवड्यात देते' म्हणालीस. तेव्हा दिलं असतंस, तर आज तुझंच तुला परत दिलं असतं."

हे खरं होतं. कुणाला काही द्यायचं ठकूने वर्षभरापूर्वीच थांबवलं होतं. आपल्याला कमी पडलं तर? दुसरीकडे जाऊन बिघडलं आणि लोक आपल्याला हसले तर? या भीतीपोटी जुनं पीठ मडक्यात साचत गेलं. नव्याला जागा उरली नाही, आणि खमीर दमून गेलं.

"मी ताप आल्याचा निरोप धाडते," ठकू म्हणाली. "या वर्षी जातच नाही."

"आणि पुढच्या वर्षी? तेव्हा काय पाय मोडणार? येसूकडे माग की."

"कोणत्या तोंडानं मागू? म्हणेल, म्हातारीनं दिलेलं एवढंही सांभाळता आलं नाही."

"म्हणेल बापडी. खाली मान घालून ऐक, आणि मडकं पुढे कर."

येसूचं गाव दरीच्या पलीकडे होतं. वळसा घालून जायला अर्धा दिवस लागे, म्हणून दोन्हीकडची माणसं कड्यावरून हाका मारून बोलत. भर दुपारी ठकू कड्यावर जाऊन उभी राहिली.

"येसू," तिने हाक मारली. हाक कसली ती. जवळच्या झाडावरचा होलासुद्धा उडाला नाही.

"येसू गं," ती जरा मोठ्याने म्हणाली. दरीतून तिचाच आवाज परत आला आणि ती दचकली. पलीकडच्या अंगणात येसू लुगडं वाळत घालत होती. तिने मान वर केली, क्षणभर थांबली आणि घरात निघून गेली.

ठकूचे डोळे भरून आले. ती माघारी वळली, दोन पावलं चालली आणि थांबली. आज परत गेलं तर पुन्हा कधीच धीर होणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"येसू, माझं खमीर मेलं गं. माझ्याच चुकीनं मेलं. तुझ्यातलं थोडं देशील का?"

मग पलीकडचं दार उघडलं आणि येसू पदर खोचत कड्यापर्यंत पळत आली.

"ओ, ठकू, ओ. अगं, चुलीवर दूध उतू चाललं होतं. आणि रडतेस कशाला? माझंही मेलं होतं श्रावणात. सावीकडून मागून आणलंय. ते तुला कसं सांगायचं, म्हणून या वर्षी भेटीला यावं की नाही, याच घोरात होते मी. थांब, मडकं घेऊन निघते. दिवस मावळायच्या आत तुझ्या दारात असेन."

आपली चूक जिवलगांपासून लपवली तर आपण त्यांना मुकतो. सांगितली तर तेही स्वतःची सांगतात.