पुसलेल्या नावांचे दिवे

चर्चच्या पाठीमागे, खाडीच्या अंगाला, गावची सिमेट्री होती. तिथे संगमरवरी थडगी होती, तसे नुसते मातीचे उंचवटेही होते. इजूची आई त्यातल्याच एका उंचवट्याखाली निजली होती. कुठल्या, ते मात्र इजूला आता सांगता येत नव्हतं. पावसाने माती सपाट केली, लाकडी क्रूस वाळवीने खाल्ला. आता जिच्या घरी ती राहायची त्या मामीला विचारलं, तर मामी म्हणाली, गेलेल्यांची चौकशी पुरे, आधी पाणी भर. हंडे वाहून पोरीचा खांदा सोलला होता, पण मामीच्या डोळ्यांना तो कधी दिसला नाही.

त्या दिवशी मृतांच्या स्मरणाचा सण होता. आपल्या माणसांना देवाच्या उजेडाची वाट सापडावी म्हणून थडगं धुवायचं, झेंडू वाहायचा, मेणबत्ती लावायची. मग फादर पवित्र पाणी शिंपडत दिव्यादिव्यापाशी थांबायचे. अंधारात राहिलेल्यांपाशी कोण थांबणार? इजूने नाक्यावरच्या क्रूसाखालचं ओघळलेलं मेण नखांनी खरवडलं, सुतावर वळलं आणि बोटाएवढी मेणबत्ती केली. आता ती मुठीत धरून पोर उंचवट्यांमधून रडत फिरत होती.

ऊन केशरी झालं, तसं चाफ्याखाली काहीतरी लुकलुकलं. अंगठ्याएवढी परी! झगा झेंडूच्या पाकळ्यांचा, पंख चतुराचे, केसांत दवाचे इवले इवले मणी.

“एक मागणं माग, बाळ,” ती म्हणाली. “पण गेलेलं माणूस परत मागायचं नाही, आणि एकदा बोललेलं बदलायचं नाही.”

इजूला कसला विचार करायचा होता? माझी आई कुठे निजली आहे, एवढंच विचारायचं. तिने तोंड उघडलं, इतक्यात पलीकडे कुणीतरी खोकलं. एकटा राहणारा म्हातारा सांतानबाबा झेंडूची माळ घेऊन एकेका उंचवट्याशी वाकत होता आणि विचारत होता, “बया, इथं का गं तू?” त्याची लेक लहानपणीच गेली होती. तिचाही क्रूस उरला नव्हता. तिकडे फादर फाटकातून आत शिरत होते.

इजू परीकडे वळली. “ज्यांची नावं पुसली, त्या सगळ्यांवर दिवा लागू दे.”

“मग तुझी आई कुठे निजली आहे, ते मला कधीच सांगता यायचं नाही.”

इजूने मुठीतल्या मेणबत्तीकडे पाहिलं. “चालेल. त्यातला एक दिवा तिचा असेल ना?”

“असेल.”

आणि मातीमातीतून चिमुकल्या ज्योती उमलल्या, गुलाबी, निळ्या, सोनेरी. फादर प्रत्येकीपाशी थांबले. बाबाने माळ तोडली आणि एकेक फूल ठेवत तो इजूपर्यंत आला. तिच्या पुढ्यातली ही ज्योत कुणाची, त्याने विचारलं.

“माहीत नाही,” इजू म्हणाली. “तुमची असेल, नाहीतर माझी.”

बाबा तिच्या शेजारी मांडी घालून बसला. दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली. मग तिचा सोललेला खांदा बघून तो म्हणाला, “चल पोरी, घरी पेज आहे. उद्यापासून पाणी मी भरेन.”

इजूने मागे वळून पाहिलं. परी हसली, आणि हसता हसताच त्या सगळ्या ज्योतींमध्ये विरघळून गेली.