तात्यासाहेबांच्या मशीनने ओकलेली वीज

"खांब मिळणार नाही!" तात्यासाहेब ओसरीवरून गरजले. "माझ्या वावरात विजेचा खांब उभा राहिला की त्याची सावली बटाट्यावर पडणार. बटाटा खुरटतो!"

अंगणात पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या वैजंताने मान वर करून पाहिले. त्याच वावरात कंपनीच्या तीन पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. एकेकीची सावली अर्ध्या माळावर लोळायची.

"आणि ह्यांची सावली, तात्यासाहेब?"

"ती फिरती सावली! एका जागी बसत नाही. बटाट्याला कळतसुद्धा नाही!"

ओसरीवर चहा पिणाऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. तात्यासाहेबांचा चहा पिताना मान आडवी हलवायची त्या गावात पद्धत नव्हती.

पवनचक्क्यांची वीज वैजंताच्या वस्तीवरून शहरात जायची, पण वस्तीवर रॉकेलची चिमणीच! तात्यासाहेबांच्या वावराच्या कोपऱ्यात एक खांब रोवला तरच तिथे तार पोचणार होती. वैजंताची लेक ओवी नुकती रांगायला लागली होती, आणि त्या खडकाळ माळावर विंचवांना काही तोटा नव्हता. एक तर पोरीच्या दुपट्याखालीच निघाला होता. तेव्हापासून दिवस मावळला की वैजंता तिला खाली म्हणून ठेवत नसे. भाकरीसुद्धा एका हाताने थापायची.

"माझ्यासाठी नको, लेकराकडं बघून द्या," ती म्हणाली. "काय केलं म्हणजे द्याल, तेवढं तरी सांगा!"

तात्यासाहेबांना अशक्य गोष्ट सांगायची भारी हौस. त्यांची नजर अंगणातल्या कपडे धुण्याच्या मशीनवर गेली. बटाटे धुवायला बाया लावल्या की रोज द्यावा लागतो, म्हणून हंगामात त्यांनी मातीने माखलेले बटाटे थेट मशीनमध्ये ओतले होते. बटाटे सोलून बाहेर आले आणि मशीन जे झोपले ते उठलेच नाही.

"ह्या मशीननं दोन वर्षं माझी वीज खाल्ली," ते मिशीतल्या मिशीत हसले. "ती परत ओकून दाखवू दे, खांब तुझा! नाही ओकली, तर पुन्हा ही पायरी चढायची नाही. दसऱ्यापर्यंत मुदत!"

ओसरी खदखदली.

"शब्द पक्का?" वैजंताने विचारले.

"चौघांदेखत दिलाय!"

मशीन गाड्यावर घालून वैजंता घरी आली. तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, कपाळावर हात मारला. "खांब आणायला गेलीस अन् भंगार घेऊन आलीस!"

"अहो, आधी खोलून तर बघू."

मागचे झाकण काढले. आत चुंबकांची मोठी चकती होती, तिच्यामागे तांब्याच्या वेटोळ्यांची मोटर. दिगंबरने सुटलेल्या वायरी हातात धरल्या आणि वैजंताने सहज चकतीला हिसका दिला.

"आई गं!" दिगंबर तीन हात मागे उडाला. "अगं, प्लग तर कुठंच लावला नाही!"

वैजंताचे डोळे चमकले. "वीज दिली की ही फिरते. अन् आपण फिरवली, तर वीज देते!"

"मग आता रात्रभर हातानं फिरवत बसतेस काय?"

तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन आपटले. वैजंता नुसती दाराकडे बघून हसली.

मग फुटका पाइप उभा चिरून तीन पाती झाली, डब्याच्या पत्र्याचे शेपूट झाले, आणि ते सगळे मोटरीसकट लोखंडी नळावर उंच चढले. पहिला गाडीचा दिवा जोडला, तो फट्कन गेला!

"बघा, किती वीज खाल्ली होती मेल्यानं!" वैजंता म्हणाली. मग तिने चार दिवे माळेसारखे एकामागे एक जोडले, आणि चारही लागले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तात्यासाहेब मंडळी घेऊन वैजंताच्या घरी हजर झाले. त्यांनी गोधडी झटकून पाहिली, पाळण्याखाली वाकून पाहिले, पण लपवलेली बॅटरी काही सापडेना. ओवी मात्र लख्ख उजेडात त्यांच्या पायापर्यंत रांगत आली आणि धोतराचा सोगा ओढू लागली.

तात्यासाहेबांनी सोगा सोडवला आणि घसा खाकरला. "वीज आहे खरी. पण मशीन माझं. अन् वारं येतं ते माझ्या वावरावरून, म्हणजे वारंही माझं! मग वीज कुणाची? माझीच! माझी मला मिळाली, तुला खांब कशाचा?"

मंडळींच्या माना सवयीने डोलल्या. पण वैजंताने पोरीला उचलले आणि वाकून नमस्कार केला.

"बरं झालं, तात्यासाहेब, आपणच कबूल झालात! मी चोर शोधतच होते."

"कसला चोर?"

"आषाढात आपलं वारं न विचारता माझ्या घरात शिरलं. छपराचे दोन पत्रे, दोरीवरचं लुगडं अन् पोरीची सगळी लंगोटं घेऊन गेलं! शेजारच्या सखुबाईंची तर कोंबड्यांची खुराडी नेली. पूर्ण वस्तीचं कायबाय गेलंय. बोलावू का सगळ्यांना? मालक सापडलाय म्हणते!"

आणि ती खरोखरच दारात जाऊन हाक मारायला लागली. "अहो सखुबाई!"

"थांब, थांब!" तात्यासाहेब ओरडले. "वारं माझं नाही! वारं देवाचं!"

"चौघांदेखत?"

"चौघांदेखत!"

"मग वीज?"

"तुझी गं बाई, तुझी!"

"अन् खांब?"

तात्यासाहेबांनी मिशी चावली, मंडळींकडे पाहिले, आणि एकदम खो खो हसत सुटले. पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "खांबही घे! वर दोन नवे पत्रे घे! पण आता घरात वीज असताना तुला खांब हवाय कशाला?"

"वारं देवाचं, तात्यासाहेब. ते पडलं, तर मी कुणाला विचारू?"

दिवाळीला वस्तीचा खांब उभा राहिला. मंडळी पांगल्यावर तात्यासाहेब वैजंताजवळ सरकले. आवाज इतका खाली, की वावरात तीन पवनचक्क्या मिरवणाऱ्या त्या माणसाचे बोलणे तिला जेमतेम ऐकू आले.

"वैजे, आमच्याकडंही संध्याकाळी रोज वीज जाते. असलं एक आमच्या माडीवर बसवून दे की!"

"देते की!" वैजंता म्हणाली. "वारं देवाचं, मोटर आपली. मजुरी तेवढी माझी!"

तात्यासाहेब पुन्हा हसले आणि मुकाट्याने मजुरी आगाऊ काढून दिली.