खाडीपलीकडची बांगडीवाली

फार जुन्या काळी समुद्राकाठी एक मिठागर होतं. तिथे राबणाऱ्या सगळ्या बायका धन्याच्या गुलाम होत्या.

धनी कावेबाज होता. तो अधूनमधून आपला माणूस वेष पालटून मिठागरात पाठवी. कधी बैरागी येई, कधी वैदू. "खाडीपलीकडे गुलामगिरी नाही. तुम्हाला तिकडे नेतो. कोण कोण येणार, नावं सांगा," असं तो हळूच म्हणे. जी नाव सांगे, तिचे पाय दुसऱ्या दिवशी खोड्यात अडकलेले असत.

एके दुपारी एक बांगडीवाली आली. बांगड्या भरता भरता ती म्हणाली, "मीही गुलाम होते. पळून सुटले. उद्या मुकादम जेवायला गेला की खाडीकाठच्या त्या झाडांपाशी होडी आणते."

"मागचा बैरागीही असंच गोड बोलायचा," एक तोंडाळ बाई म्हणाली. "तुझ्या बांगड्या तरी खऱ्या आहेत का गं?"

"नका ठेवू विश्वास. तुमच्या जागी मीही ठेवला नसता," बांगडीवाली म्हणाली. "माझं नाव साळू. मला पकडून देईल त्या गुलामाला मोकळं करू, अशी दवंडी तुम्ही ऐकलीच असेल."

एवढं बोलून तिनं टोपली उचलली आणि ती गेली.

"मुकादमाला सांगून टाकू," तोंडाळ बाई म्हणाली. "ती खरी असली तर आपल्यातली एक सुटेल. खोटी असली तर खोडा चुकेल."

एक म्हातारी म्हणाली, "आधीच्यांनी आपली नावं विचारली. हिनं एकीचंही विचारलं नाही. स्वतःचं मात्र सांगून गेली."

"तीही चाल असेल," तोंडाळ बाई म्हणाली.

"असेल. पण तिला पकडून देऊन मला सुटायचं नाही."

शेवटी मुकादमाकडे कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी होडी आली. तोंडाळ बाई सगळ्यांत शेवटी चढली. "फिरवून धन्याच्याच धक्क्यावर नेलंस तर?" तिनं विचारलं.

साळूनं वल्हं तिच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला सरकून बसली. "समोर डोंगर दिसतो ना, तिकडे ने."

त्या बाईनंच होडी पैलतीराला लावली. पुढे तीही टोपली घेऊन दुसऱ्या मिठागरांत जाऊ लागली. तिथल्या बायका तिच्यावर संशय घेत, पण तिला त्याचा राग येत नसे.

तात्पर्य: फसवले गेलेले लोक संशय घेणारच. त्यांचा विश्वास हवा असेल, तर आधी आपण त्यांच्यावर ठेवावा.